पेढी, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ

भारतातील कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाचे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे वेळापत्रक पाहिले, तर त्यात दोन विषय हमखास आढळतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला व्यापारी कायदा शिकावा लागतो. प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल, भागीदारी, हुंडी आणि दिवाळे यांची लक्षणे त्यात कलमवार सांगितलेली असतात. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचा आरंभ प्राथमिक रसायनशास्त्राने होतो. मूलद्रव्ये, संयुगे, आम्ले, अल्के आणि क्षार यांची ओळख तो पुस्तकातून करून घेतो आणि मग परीक्षानळी हाती धरून तिची खातरजमा करतो. हे दोन विद्यार्थी बहुधा एकाच इमारतीत शिकतात, परंतु एकमेकांच्या वर्गात सहसा डोकावत नाहीत. दोन्ही विषय आज इतके अंगवळणी पडले आहेत की विद्यापीठांच्या जन्मापासूनच ते तेथे असावेत, असे कोणासही वाटावे. वस्तुतः सामान्य पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयास त्यांना बराच काळ लागला, आणि त्या प्रवासात हे दोन्ही विषय एकमेकांना अनेकदा भेटले. त्या भेटींचा इतिहास हा या देशातील उच्च शिक्षणाच्या हेतूचाच इतिहास आहे.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने भारतात विद्यापीठे काढण्याची शिफारस केली आणि १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे ती स्थापन झाली. त्यांचा नमुना त्या वेळच्या लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी आणि शिकविण्याचे काम संलग्न महाविद्यालयांवर सोपवावे, अशी ती व्यवस्था होती. विद्यापीठापाशी स्वतःचे अध्यापक नव्हते, मग प्रयोगशाळा कोठून असणार? कायदा शिकविला जात होता. पण तो ज्यांना वकील किंवा न्यायाधीश व्हावयाचे होते त्यांच्यासाठी. रसायन शिकविले जात होते. पण ते मुख्यतः वैद्यकाच्या विद्यार्थ्याला औषधे समजावीत म्हणून. एक विद्या न्यायालयाच्या दाराशी बसलेली आणि दुसरी रुग्णालयाच्या. जो विद्यार्थी वकीलही होणार नव्हता आणि वैद्यही होणार नव्हता, त्याला या दोहोंपैकी कशाचे फारसे कारण आहे असे तेव्हाच्या शिक्षणाधिकाऱ्यांना वाटत नव्हते. त्याच्यासाठी इंग्रजी वाङ्मय, इतिहास, तत्त्वज्ञान आणि गणित एवढी शिदोरी पुरेशी मानली जाई.

हे धोरण किती अपुरे होते याचा दाखला मुंबईत लवकरच मिळाला. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव अकल्पित वाढले. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, जमीन भरावाच्या कंपन्या आणि नाना प्रकारच्या मंडळ्या निघू लागल्या, आणि त्यांचे भाग मूळ किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. या उलाढालींचे अग्रणी प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि शेकडो घराणी धुळीस मिळाली. प्रेमचंदांचे वैभवही त्यात बुडाले. मात्र विद्यापीठाला दिलेली देणगी वाचली आणि १८७८ मध्ये त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा पुरा झाला. कंपनी म्हणजे काय, तिच्या भागधारकाची जबाबदारी कोठवर जाते, पुढील तारखेचा सौदा केव्हा बंधनकारक होतो, या प्रश्नांनी सारे शहर पोळून निघाले होते. परंतु त्या शहरातील विद्यापीठाने या प्रश्नांचे शिक्षण व्यापाऱ्याच्या मुलाला द्यावयास आणखी सुमारे अर्धे शतक जावे लागले.

दरम्यान कायदा स्वतःच बदलत होता. १८७२ च्या १ सप्टेंबरपासून भारतीय करार कायदा अंमलात आला. इंग्लंडमध्ये करारासंबंधीचे नियम असंख्य निवाड्यांत विखुरलेले होते. भारतात ते २६६ कलमांत, बहुतेक ठिकाणी उदाहरणांसह, एकत्र मांडले गेले. या कायद्याची भाषा इंग्रजी होती आणि त्याच्या रचनेवर परकी राज्यकर्त्यांचे हित व विचार यांची छाप होती, हे खरेच आहे. तथापि त्यामुळे एक मोठी सोय झाली. जे पूर्वी केवळ बॅरिस्टरांच्या कपाटात होते ते आता एका लहानशा पुस्तकात मावू लागले. कलम, त्याखाली स्पष्टीकरण आणि त्याखाली ‘अ’ने ‘ब’ला घोडा विकण्याचे कबूल केले अशासारखे उदाहरण, ही मांडणी मुळातच पाठ्यपुस्तकाला सोयीची होती. मालविक्रीची कलमे पुढे १९३० मध्ये आणि भागीदारीची १९३२ मध्ये वेगळी काढून त्यांचे स्वतंत्र कायदे झाले. उरलेला करार कायदा दीड शतकानंतरही अभ्यासक्रमाच्या अग्रभागी आहे.

१८८१ च्या चलनक्षम दस्तऐवजांच्या कायद्यात याहून मार्मिक गोष्ट आढळते. धनादेश, वचनचिठ्ठी आणि विनिमयपत्र यांचे नियम सांगताना त्याच्या पहिल्याच कलमात असे नमूद केले आहे की, देशी भाषांत लिहिलेल्या दस्तऐवजांबाबतच्या स्थानिक रूढीला या कायद्याने बाध येणार नाही. म्हणजे मारवाडी, गुजराती, मुलतानी किंवा चेट्टियार पेढीवर लिहिली जाणारी हुंडी आपल्या जुन्या चालीने चालू राहिली. पेढीवरचा मुलगा ही चाल वडिलांच्या शेजारी गादीवर बसून शिके. अशा रीतीने देशात व्यापाराची दोन शास्त्रे समांतर नांदू लागली. एक छापील, इंग्रजी आणि न्यायालयात मान्य असलेले. दुसरे तोंडी, मोडी किंवा महाजनी लिपीतील आणि बाजारात मान्य असलेले. या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे काम विद्यापीठाचे होते.

रसायनाची वाट निराळी होती. तेथे ग्रंथाची उणीव नव्हती. उणीव होती ती पाहण्या-करण्याच्या सवयीची. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये विज्ञानाच्या जोपासनेसाठी एक भारतीय संस्था लोकांच्या देणग्यांवर उभी केली आणि तेथे व्याख्याने व प्रात्यक्षिके सुरू केली. मुंबई विद्यापीठाने १८८० च्या सुमारास विज्ञानाची स्वतंत्र पदवी सुरू केली. कलकत्त्यात मात्र विज्ञान दीर्घ काळ बी. ए. च्याच पोटात राहिले. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात अलेक्झांडर पेडलर यांची रसायनाची व्याख्याने प्रयोगांच्या नीटसपणाबद्दल प्रसिद्ध होती. विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन संस्थेत नाव असलेला एक विद्यार्थी ती ऐकण्यासाठी बाहेरून येत असे. हाच तरुण पुढे गिलख्रिस्ट शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेला, १८८७ मध्ये डॉक्टर ऑफ सायन्स झाला आणि १८८९ मध्ये दरमहा २५० रुपयांवर प्रेसिडेन्सी कॉलेजातच अध्यापक झाला. त्याचे नाव प्रफुल्लचंद्र राय.

प्रफुल्लचंद्रांच्या अध्यापनाचे वैशिष्ट्य असे की, ते नवख्या विद्यार्थ्यांच्या वर्गाला सर्वाधिक महत्त्व देत. मातीचे मडके घडवावयाचे ते ती ओली असताना, हा त्यांचा विश्वास होता. त्या वर्गात ते एक प्रयोग करून दाखवीत. हाडाचा तुकडा ज्योतीत धरून पूर्ण जाळावयाचा, त्याची पांढरी राख करावयाची आणि तिच्यातील चिमूटभर सर्वांसमक्ष तोंडात टाकावयाची. शुचितेच्या कल्पना कडक असलेल्या घरांतून आलेली ती मुले चकित होत. परंतु धडा त्यांच्या मनावर कायमचा कोरला जाई. ही राख म्हणजे शुद्ध कॅल्शियम फॉस्फेट. ते कोणत्या प्राण्याचे होते हे कोणाही रसायनज्ञाला आता सांगता यावयाचे नाही. सजीवाचे संयुग आणि खडकातील संयुग यांत रसायनशास्त्र भेद करीत नाही, हे तत्त्व त्या एका कृतीत आले. जातिभेदाचे ओझे वाहणाऱ्या समाजाला त्याहून अधिकही काही त्यात सांगितले गेले.

याच हाडांमधून पुढे एक कारखाना निघाला. सुशिक्षित तरुणांनी नोकरीच्या मागे धावावे आणि देशाला लागणारी औषधे व रसायने मात्र परदेशांतून यावीत, हे प्रफुल्लचंद्रांना असह्य वाटत होते. १८९२ मध्ये अप्पर सर्क्युलर रोडवरील आपल्या राहत्या जागेत, हजाराहूनही कमी रुपयांच्या भांडवलावर, त्यांनी ‘बेंगाल केमिकल’चा आरंभ केला. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढण्याचा त्यांचा उद्योग हिशेबात बसला नाही. मग खाटकांकडून हाडे आणून त्यांपासून फॉस्फेटे बनविण्याचे ठरले. गच्चीवर वाळत घातलेल्या हाडांवर कावळे जमत आणि दुर्गंधीमुळे शेजारी तक्रार करीत. डॉ. अमूल्यचरण बोस यांनी या उद्योगाला वैद्यांचा विश्वास मिळवून दिला आणि वासा, कालमेघ, कुर्ची अशा देशी वनस्पतींचे अर्क बाजारात आणण्याची कल्पना पुढे रेटली. परंतु १८९८ मध्ये प्लेगने त्यांचा बळी घेतला. त्याआधी सतीशचंद्र सिंह हे दुसरे उमदे रसायनज्ञ सहकारी प्रयोगशाळेत विषबाधेच्या अपघाताने गेले होते.

येथे रसायनशास्त्र संपते आणि व्यापारी कायदा सुरू होतो. भागीदारी ही माणसांच्या आयुष्याला बांधलेली असते. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने ती संपते, आणि तिच्या कर्जाची झळ भागीदारांच्या घरादारापर्यंत पोहोचते. कंपनी ही कायद्याने निर्माण केलेली स्वतंत्र व्यक्ती आहे. सभासद मेले तरी ती जगते, आणि सभासदाने जेवढ्याचा भाग घेतला तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी असते. पाठ्यपुस्तकात हा फरक दोन रकान्यांच्या तक्त्यात येतो आणि विद्यार्थी तो परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. ज्या उद्योगाने आपली दोन आधारस्तंभ माणसे अकाली गमावली होती, त्याच्या दृष्टीने त्या तक्त्याचा अर्थ काय असेल याची कल्पना करता येते. १९०१ मध्ये हा उद्योग मर्यादित जबाबदारीची कंपनी झाला, आणि माणिकतला येथे त्याचा मोठा कारखाना उभा राहिला. ती कंपनी आपल्या संस्थापकांपेक्षा कितीतरी अधिक जगली. १९८० मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले.

या कंपनीच्या व्यवस्थापनात राजशेखर बसू हे एक विलक्षण गृहस्थ होते. रसायनशास्त्रात एम. ए. झाल्यावर त्यांनी कायद्याचीही परीक्षा दिली होती. वकिली त्यांना मानवली नाही. १९०३ मध्ये ते रसायनज्ञ म्हणून येथे आले आणि पुढे साऱ्या कारखान्याचे सूत्रधार झाले. ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिलेल्या त्यांच्या विनोदी कथा बंगालीत घरोघर वाचल्या जातात. त्यांतील अगदी आरंभीची कथा, १९२२ साली प्रसिद्ध झालेली, धर्माच्या नावाने मर्यादित कंपनी काढून भाबड्या लोकांना लुबाडणाऱ्या टोळीविषयी आहे. कंपनी कायद्याचे सामर्थ्य आणि त्याच्या आडून होणारी लबाडी या दोहोंची इतकी नेमकी जाण असणारा लेखक रसायनाच्या कारखान्यात बसून लिहीत होता, हा योगायोग नव्हे.

पश्चिम भारतात याच सुमारास दुसरा एक प्रयत्न चालू होता. सुरतेचे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे मुंबई विद्यापीठाचे रसायनशास्त्रातील पदवीधर बडोदा कॉलेजात अध्यापक होते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने त्यांनी १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन सुरू केले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम, चित्रकला असे उपयुक्त विषय तेथे देशी भाषांच्या आधाराने शिकविले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. मुंबईत चाफेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले, तेव्हा तो डाग काढण्याचे काम गज्जरांच्या रसायनविद्येनेच केले. गज्जरांच्या तालमीत तयार झालेले कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये बडोद्यास ‘अलेम्बिक’ हा रसायनांचा कारखाना काढला. त्यांपैकी एक मराठी आणि दुसरे गुजराती. प्रयोगशाळेतील गुरुशिष्यसंबंध कारखान्यातील सहकार्यात कसा रूपांतरित होतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

व्यापारी शिक्षणाला विद्यापीठात मानाचे स्थान मिळाले ते १९१३ मध्ये. त्यापूर्वी मद्रासेस पचैयप्पा धर्मादायाच्या विश्वस्तांनी १८८६ मध्ये वाणिज्याची शाळा काढली होती, आणि मुंबईत सोराबजी दावर यांनी १९०० मध्ये आपला खासगी वर्ग सुरू केला होता. परंतु हिशेब, बँकव्यवहार आणि व्यापारी कायदा हे विषय पदवीच्या तोलाचे आहेत, हे मान्य करावयास पंडितवर्ग तयार नव्हता. अखेर ऑक्टोबर १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. आशिया खंडातील अशा प्रकारचे पहिले महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. हिशेबशास्त्राचे जाणकार के. एस. अय्यर यांनी आरंभी त्याची धुरा वाहिली, आणि पुढे पर्सी अ‍ॅन्स्टी हे प्राचार्य झाले. १९१८ ते १९२० या काळात तेथे अर्थशास्त्राचे अध्यापन करणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

या महाविद्यालयाचा मुहूर्त विचार करण्यासारखा आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बुडाली होती, आणि वर्ष संपण्यापूर्वी मुंबईची इंडियन स्पीसी बँकही बुडाली. स्वदेशीच्या उत्साहात निघालेल्या अनेक बँका एकामागून एक कोसळल्या आणि हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांची पुंजी नाहीशी झाली. याच वर्षी नवा कंपनी कायदाही संमत झाला. १८६५ मध्ये मुंबईने जे पाहिले होते ते पुन्हा घडत होते. फरक इतकाच की, या वेळी ताळेबंद वाचू शकणारी आणि संचालकाच्या कर्तव्यांची कलमे जाणणारी मुले तयार करण्याची जबाबदारी एका महाविद्यालयाने पत्करली होती.

व्यापारी कायद्याच्या वर्गाला लवकरच स्वदेशी दाखलेही मिळू लागले. कलकत्त्याचा धर्मदास घोष हा तरुण अज्ञान असताना त्याने १८९५ मध्ये आपली घरे एका सावकाराकडे गहाण टाकली. तो अज्ञान असल्याची सूचना सावकाराच्या वकिलाला मिळालेली होती. प्रकरण थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १९०३ मध्ये तेथे निर्णय झाला की अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य होय. दुसरा दाखला कानपूरचा. हरवलेल्या मुलाच्या शोधासाठी मालकाने आपला मुनीम लालमन शुक्ल याला हरिद्वारला धाडले. मागाहून मालकाने ५०१ रुपयांचे बक्षीस जाहीर केले. मुनिमाने त्या बक्षिसाची वार्ता कानी येण्यापूर्वीच मुलगा शोधून काढला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये त्याला बक्षीस नाकारले. कारण जो प्रस्ताव ठाऊकच नाही त्याचा स्वीकार कसा होणार? निकाल कायद्याला धरून होता. तो न्यायाला कितपत धरून होता, हा प्रश्न मात्र तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या विद्यार्थ्याने विचारला आहे. तो विचारला जाणे यातच या विषयाच्या अध्यापनाचे यश आहे.

या विषयाच्या ग्रंथांत मुंबईचे सर दिनशा फरदुनजी मुल्ला यांचे नाव अग्रगण्य आहे. सर फ्रेडरिक पोलॉक यांच्यासह त्यांनी लिहिलेले करार कायद्यावरील भाष्य १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या आवृत्त्या आजही निघत आहेत. कलकत्ता विद्यापीठाच्या टागोर व्याख्यानमालेत त्यांनी दिवाळखोरीच्या कायद्यावर व्याख्याने दिली. १९३० मध्ये ते प्रिव्ही कौन्सिलवर नियुक्त झाले. मुंबईच्या माणसाने कलकत्त्याला जाऊन सांगितलेले हे शास्त्र मद्रास, लाहोर, नागपूर येथील विद्यार्थ्यांच्याही उपयोगी पडले.

कायदा आणि रसायन यांची सर्वांत उदात्त भेट कलकत्त्यात घडली. १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची मुभा दिली होती. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश सर आशुतोष मुखर्जी कुलगुरू असताना त्यांनी तिचा पुरेपूर लाभ घेतला. विज्ञान महाविद्यालयासाठी पैसा दिला तो सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष या दोन नामांकित वकिलांनी. पालितांचे दान १९१२ मधील आणि घोषांचे १९१३ मधील. गहाणाच्या कायद्यावरील अधिकारी ग्रंथाचे लेखक असलेल्या घोषबाबूंनी जन्मभर पक्षकारांच्या खटल्यांतून जे मिळविले ते तराजू, भट्ट्या आणि परीक्षानळ्या यांसाठी देऊन टाकले. दानपत्रांतील अटही कायदेपंडितांना शोभणारी होती: या अध्यासनांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी. करारनाम्यातील एका कलमाने जे साधले ते अनेक सभांतील ठरावांनी साधले नसते. प्रफुल्लचंद्र १९१६ मध्ये सरकारी सेवेतून निवृत्त होऊन येथे पालित अध्यापक म्हणून आले. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी या त्यांच्या शिष्यांनी भारतीय रसायनशास्त्राची नवी पिढी उभी केली. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद प्रफुल्लचंद्रांकडे आले. वयाची साठ वर्षे पुरी झाल्यावर ते आपले वेतन विद्यापीठालाच परत देत असत.

महाराष्ट्रातही या परंपरेचे अंकुर फुटले. मुंबईत १९२० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग काढला. कापडगिरण्यांच्या शहराला रंग, विरंजन आणि खळ यांचे शास्त्र लागत होते. या विभागाचे पहिले भारतीय संचालक कृष्णस्वामी वेंकटरामन हे पुढे १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. नागपूरला कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने आपली संपत्ती विद्यापीठाला उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी दिली. त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट उभी राहिली. येथेही मृत्युपत्र या कायदेशीर लेखाने रसायनाला घर दिले.

या साऱ्या कथेत एक प्रश्न अनुत्तरित राहिला, तो भाषेचा. कोल्हापूरचे बाळाजी प्रभाकर मोडक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच रसायनशास्त्र मराठीत आणले होते. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाने १९१८ पासून उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा धाडसी प्रयोग केला. त्यासाठी भाषांतर विभाग नेमून रसायन आणि कायदा या दोहोंची पुस्तके तयार करविली. मराठवाड्यातील मराठी विद्यार्थ्यांना मात्र तेथे इंग्रजीच्या जागी आणखी एक परकी माध्यम भेटले. एका भारतीय भाषेचे सामर्थ्य सिद्ध झाले, परंतु विद्यार्थ्याच्या मायबोलीचा प्रश्न तसाच राहिला. १९४८ नंतर तो प्रयोगही मावळला. राजशेखर बसूंनी बंगाली कोश रचला आणि कलकत्ता विद्यापीठाच्या शुद्धलेखन समितीचे अध्यक्षपद सांभाळले. रसायनज्ञाला शब्दांचीही चिंता वाहावी लागली, यावरून या प्रश्नाची खोली कळते. कराराचे कलम ज्याला पाठ आहे पण आपल्या गावच्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत ज्याला ते समजावून सांगता येत नाही, त्याचे ज्ञान अर्धेच म्हणावयास हवे.

दुसरे न्यून परीक्षापद्धतीचे. १८५७ ची विद्यापीठे परीक्षेसाठी जन्मली आणि तो संस्कार पुसला गेला नाही. प्रयोगशाळेत क्षार ओळखावयाचा असतो. विद्यार्थी त्याचे उत्तर आधीच कोठूनतरी मिळवितो. कायद्याच्या उत्तरपत्रिकेत धर्मदास घोष येतो. पण गावातील अज्ञान मुलाची जमीन गहाण पडते तेव्हा तो आठवत नाही. प्रफुल्लचंद्रांनी हाडाची राख तोंडात टाकून जे शिकविले ते टिपणवहीत उतरवून घेण्याने येत नाही.

या दोन विद्यांना एकमेकींपासून दूर ठेवण्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे देशाने विसाव्या शतकाच्या अखेरीस पाहिले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथील कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. टाकीत पाणी गेल्यावर त्या द्रव्याची कोणती प्रतिक्रिया होते, हा रसायनशास्त्राचा प्रश्न होता. परदेशातील मूळ कंपनी भारतातील आपल्या कंपनीच्या कृत्याला कितपत जबाबदार, हा कंपनी कायद्याचा प्रश्न होता. ज्या मर्यादित जबाबदारीने १९०१ मध्ये एका देशी उद्योगाला जीवन दिले, तीच कल्पना येथे पीडितांच्या वाटेत आडवी आली. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. ती पुरेशी होती असे पीडितांनी कधीच मानले नाही. त्याआधी, डिसेंबर १९८५ मध्ये, दिल्लीतील एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली होती. त्या प्रकरणात एका वकिलाचा मृत्यू झाल्याचे न्यायालयापुढे सांगण्यात आले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दंडक घालून दिला की, जो घातक द्रव्यांचा उद्योग करतो त्याची नुकसानीबद्दलची जबाबदारी निरपवाद असते. सर्व काळजी घेतली होती ही सबब तेथे चालत नाही. हा सिद्धान्त समजण्यास कायदा जाणणारा रसायनज्ञ हवा आणि रसायन जाणणारा कायदेपंडित हवा.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखाशाखांमधील भिंती खाली आणून विद्यार्थ्याला वेगवेगळ्या विद्यांचे विषय एकत्र घेऊ देण्याचा विचार मांडला आहे. रसायनाच्या विद्यार्थ्याने व्यापारी कायद्याची तोंडओळख करून घ्यावी आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत पाऊल टाकावे, यास त्यामुळे वाव मिळतो. हा विचार वाटतो तितका नवा नाही. गच्चीवर हाडे वाळत घालून पुढे कंपनी नोंदविणाऱ्या अध्यापकाने, आपली वकिलीची कमाई प्रयोगशाळेस देणाऱ्या पालित-घोषांनी, आणि बडोद्याच्या कारखान्यात एकत्र आलेल्या गज्जरांच्या शिष्यांनी तो आपल्या हयातीत आचरून दाखविला आहे. अभ्यासक्रमाच्या कागदावर दोन विषय शेजारी छापणे सोपे आहे. ते एका विद्यार्थ्याच्या बुद्धीत एकत्र नांदू लागले, तरच मुंबईत १८६५ मध्ये झालेल्या त्या महाग शिक्षणाचे चीज झाले असे म्हणता येईल.